सहा तासांचा भुसा

आकाश निळं होतं, माझा लाल पतंग छान वर चढला होता, आणि संगीत वाजत नव्हतं.

मी हेडफोन कानांवर दाबून पाहिले. चौथी पातळी, येवल्याची संक्रांत. इथे पहिल्या क्षणापासून हलगी वाजायला हवी होती. त्याऐवजी कानात नुसता घुमारा होता, बंद घरात शिरल्यावर ऐकू येतो तसा. मी वहीत लिहिलं, 'पातळी ४, संगीत नाही', आणि ढील देत राहिले, कारण चाचणी घेणाऱ्यानं मध्येच थांबायचं नसतं. तेवढ्यात कुणीतरी तीनदा टकटक केली.

हेडफोन काढून मी दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. दुपारचे अडीच वाजलेले, जेवणानंतरची सुस्त वेळ, बाकीचे पाचही जण आपापल्या पडद्याकडे तोंड करून बसलेले. मी हेडफोन परत चढवले.

"विमलवहिनी," एक बाई म्हणाली, "आहात का?"

आवाज म्हातारा नव्हता, तरुणही नव्हता. शेजारीण विरजण मागायला येते तेव्हा दाराबाहेरून विचारते तसा सूर, फक्त फार लांबून आलेला. मग पुन्हा घुमारा. मी हातातलं कंट्रोलर खाली ठेवलं. पडद्यावर माझा पतंग कटला आणि हेलकावे खात खाली गेला. बाई काही बोलली नाही. ती उत्तराची वाट बघते आहे असं मला स्पष्ट वाटलं.

ही २००८ सालच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडवर एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस होतं. सहा माणसं मिळून आम्ही पतंगबाजीचा गेम करत होतो, टीव्हीला जोडायच्या कन्सोलसाठी. मालक गद्रे सर. माझं काम चाचणीचं. रोज नवी डिस्क लिहून व्हायची, ती मी कन्सोलमध्ये घालायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पतंग उडवायचे आणि जिथे काही बिघडेल ते लिहून काढायचं. पुढच्या शुक्रवारी शेवटची डिस्क मंजुरीसाठी परदेशी जायची होती.

मी नोंद केली: 'पातळी ४. संगीताऐवजी बाईचा आवाज. विमलवहिनी अशी हाक.' नोंद उन्मेष तांबटकडे गेली, कारण डिस्कवर कुठली फाइल कुठे बसवायची हे तोच बघायचा. सत्तावीस वर्षांचा, अबोल, कामाला वाघ. जूनमध्ये त्याची आई गेली होती. तेव्हापासून तो आणखीच मिटला होता. मोकळेपणानं बोलायचा तो फक्त माझ्याशी, तेही चहाच्या टपरीवर.

नोंद वाचून तो लगेच उठून माझ्याजवळ आला. काही न विचारता त्यानं हेडफोन घेतले आणि पातळी पहिल्यापासून लावली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. टकटक कुठे येते ते मला आता पाठ झालं होतं, आणि बरोबर त्या क्षणाला त्याचे डोळे मिटले. पुढची हाक त्यानं डोळे मिटूनच ऐकली. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले, अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून ठेवावेत तसे.

पत्ता चुकलाय, म्हणाला. दहा मिनिटांत दुरुस्त करतो. ती नोंद मात्र काढून टाक.

त्यानं खरंच दहा मिनिटांत दुरुस्त केलं. संध्याकाळच्या डिस्कवर हलगी वाजली. पण नोंद मी काढली नाही.

इथे थोडं डिस्कविषयी सांगावं लागेल. त्या कन्सोलच्या डीव्हीडीवर चार पूर्णांक सात जीबी मावायचे आणि आमचा सगळा गेम जेमतेम सहाशे एमबीचा. म्हणजे रस्त्यावर वीस रुपयांना मिळणाऱ्या साध्या सीडीवरसुद्धा तो बसला असता, आणि गद्रे सरांना नेमकी तीच भीती. बाजारात येताच चोरटे त्याच्या सीड्या काढून विकतील. त्यात आणखी एक भानगड होती. फिरत्या डिस्कची बाहेरची कड आतल्यापेक्षा जोरात पळते, त्यामुळे कडेला लिहिलेलं लेझर पटकन वाचतं. म्हणून शहाणी माणसं गेम कडेला ठेवतात आणि आतल्या बाजूला काहीतरी निरुपयोगी भरून देतात. त्याला आम्ही भुसा म्हणायचो. भुसा नुसत्या शून्यांचा असून चालत नाही. शून्यं दाबली की चिमूटभर होतात, आणि चोरट्यांचं काम परत सोपं. जे कितीही दाबलं तरी लहान होत नाही असं काहीतरी लागतं. कन्सोल या भुशाला कधी हात लावत नाही. गेममध्ये संगीताचा जो पत्ता लिहिला होता, तो त्या एका दिवशी चुकून भुशाच्या मध्यावर पडला, आणि कन्सोलनं तिथे जे होतं ते वाजवलं.

म्हणजे उन्मेषनं भुसा म्हणून आवाज भरला होता. कुणाचा, ते मला कळेना. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तो दवाखान्याच्या वायरमनला घेऊन खाली गेला तेव्हा मी ती फाइल माझ्या संगणकावर उतरवली. पावणेचार जीबी. आवाजाच्या हिशेबात बरोबर सहा तास.

सहा तास ऐकत बसायची गरज नव्हती. आवाजाची रेघ पडद्यावर दिसते. शांतता सपाट असते, बोलणं उंच उठतं. सुरुवातीलाच पावलांचे आवाज होते, मग दार ओढून घेतल्याचा, मग कुलूप. त्यानंतर लांबच लांब सपाट रेघ, आणि तिच्यावर थोड्या थोड्या वेळानं उठलेले उंचवटे. मी एकेका उंचवट्यावर जाऊन ऐकत गेले. आधी तीन टकटका. मग "विमलवहिनी, आहात का?" मग थांबणं. हे अकरा वेळा. दर वेळी तोच सूर, कुठेही राग नाही, घाई नाही. तिसऱ्या वेळी हाकेनंतर ती म्हणाली, "आज ऊन आहे का हो?" सहाव्या वेळी बराच वेळ गप्प राहून तिनं विचारलं, "महिना कुठला चालू आहे?" आठव्या वेळी ती नुसती खोकली.

खाली दंतवैद्याचं यंत्र सुरू होतं, बाहेर रिक्षा चालल्या होत्या, आणि कानात एका बंद घरात कुणीतरी कुणालातरी महिना विचारत होतं. ऐकू नये असं वाटत होतं आणि थांबवतही नव्हतं. शेवटच्या तासात एक उंचवटा वेगळा दिसत होता, बुटका आणि रुंद. मी तिथे गेले. हाक अर्धवट होती, "विमलव…" एवढीच. मग पत्र्याचं ताट फरशीवरून सरकवल्यासारखा आवाज, आणि एक पुरुष खालच्या पट्टीत म्हणाला, "गप."

तेवढा एकच शब्द. त्यानंतर शेवटपर्यंत रेघ सपाट.

उन्मेष वर आला तेव्हा मी त्याला खुणेनं बाहेर बोलावलं. जिन्यात उभं राहून सगळं सांगितलं आणि विचारलं की विमल कोण. तो आधी म्हणाला, जुनी नाटकाची कॅसेट आहे. मी तिथेच उभी राहिले. मग तो पायरीवर बसला.

विमल म्हणजे त्याची आई.

त्यानं जे सांगितलं ते असं. संगमनेरला त्यांचं बैठं घर, ओळीतलं, भिंतीला भिंत लागलेलं. वडील तो लहान असतानाच गेले. आईचे दिवस झाल्यावर पाहुणे परतले, आणि दोन दिवसांनी भर दुपारी स्वयंपाकघरात तो भांडी आवरत असताना कुणीतरी आईला हाक मारली. घरात तो एकटा. पुन्हा हाक आली तेव्हा भांडी तशीच टाकून तो बाहेर पळाला. मावशीला सांगितलं, तर तिनं शांत करून घ्यायला सांगितली. त्यानं शांत केली. पुढच्या खेपेला परत हाक. आपलं डोकं फिरलं आहे की काय हे त्याला बघायचं होतं. म्हणून जुलैत एका सकाळी त्यानं लॅपटॉपला माइक जोडून तो स्वयंपाकघराच्या कोनाड्यात ठेवला, घराला कुलूप लावलं आणि स्वतः सहा तास बसस्टँडवर जाऊन बसला. संध्याकाळी लॅपटॉप उचलला, परत कुलूप लावलं, आणि त्यानंतर तो घरी गेलाच नाही.

"ऐकलं नाहीस?"

"काल ऐकलं. तुझ्या शेजारी बसून."

पुसून टाकायचा धीर होत नव्हता, आणि ऐकायचा तर त्याहून नव्हता. भुशासाठी मोठी फाइल हवी होती तेव्हा त्याच्या मशीनवर सगळ्यांत मोठी हीच पडली होती. बंद खोलीचा घुमारा दाबून लहान होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ती भरून टाकली. तिथे कुणी जाणार नव्हतं.

मी म्हटलं की एक गोष्ट तू ऐकलेली नाहीस. त्याला आत नेलं, हेडफोन दिले आणि तो शेवटचा उंचवटा लावला.

त्यानं तो चार वेळा ऐकला. चौथ्या वेळी म्हणाला, "दिगंबरकाका."

"कोण?"

"शेजारचे. कासार."

"उन्मेष, भुताला कुणी गप म्हणत नाही."

मग त्याच्या चेहऱ्याचं जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. भीती गेली आणि तिच्या जागी त्याहून वाईट काहीतरी आलं. तो म्हणाला, त्यांची एक बहीण होती. रत्नाआत्या. तो चार-पाच वर्षांचा असेपर्यंत ती त्याला कडेवर घेऊन ओट्यावर बसायची, दुकानातल्या फुटक्या बांगड्यांचे तुकडे त्याला खेळायला द्यायची. मग एक दिवस ती दिसेनाशी झाली. सुरतेला सासरी परत नांदायला गेली असं सगळे म्हणाले. तोही तसंच म्हणत आला. एकदा, दहा वर्षांचा असताना, त्यानं आईला विचारलं होतं की भिंतीतून ठकठक कशाची येते. आईनं कधी नव्हे ती त्याच्या थोबाडीत मारली होती, आणि मग त्याला जवळ घेऊन स्वतःच रडली होती. उंदीर आहेत, म्हणाली होती.

शनिवारी आम्ही त्याच्या मोटारसायकलवर संगमनेरला गेलो. मी घरी भावाला सांगितलं की मैत्रिणीच्या साखरपुड्याला चालले आहे. सिन्नरच्या पुढे एका ढाब्यावर त्यानं गाडी थांबवली, पाणी प्यायला आणि म्हणाला, नसेलही काही. मी हो म्हटलं.

दीडच्या सुमाराला पोचलो. गल्ली दुपारची असते तशी रिकामी. कासारांच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. दिगंबरकाका बाजारात बांगड्यांच्या दुकानात असणार. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन गेलेली, मुलगा पुण्याला. घरात ते एकटेच असतात असं गल्लीला माहीत होतं. उन्मेषनं स्वतःचं कुलूप काढलं. तीन महिन्यांची धूळ होती. ओट्यावर त्यानं जूनमध्ये अर्धवट टाकलेली भांडी तशीच पालथी होती, आणि आईचा चष्मा खिडकीत. मी तिकडे बघायचं टाळलं. स्वयंपाकघरात कोनाड्यासमोर आम्ही खाली बसलो. कोनाडा खोल होता, त्याच्यामागे भिंत जेमतेम एक विटेची उरली असावी.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर एक फेरीवाला लसूण विकत गेला. नगरपालिकेचा भोंगा झाला. मग भिंतीत तीन टकटका झाल्या.

"विमलवहिनी, आहात का?"

डिस्कवरच्यापेक्षा आवाज बारीक होता. इतका जवळ होता की मी दचकून मागे सरकले. उन्मेष गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, त्याला हलता येत नव्हतं. मी पुढे झाले आणि बोटाच्या पेरानं भिंतीवर तीनदा वाजवलं.

पलीकडे काहीच झालं नाही. श्वाससुद्धा थांबल्यासारखं वाटलं. मग भिंतीच्या अगदी खालच्या अंगाला खरवडल्याचा आवाज आला, माणूस सरकत सरकत जवळ येतो तसा.

"कोण?"

मी उन्मेषकडे बघितलं. त्यानं कोनाड्याशी तोंड नेऊन आपलं नाव सांगितलं.

मग ती म्हणाली, "विमलवहिनींचा?"

"हो, आत्या."

"दार उघडतोस का? कडी बाहेरून आहे."

रडून नाही, ओरडून नाही. आपण घरातल्या माणसाला सांगतो तसं. उन्मेष उठला, बाहेर गेला आणि कासारांच्या कुलपाला हातानं हिसके देऊ लागला. त्या आवाजानं समोरच्या घरातली बाई बाहेर आली, आमच्याकडे पाहिलं आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. बहुधा तिनंच दुकानात फोन केला. पंधरा मिनिटांत दिगंबरकाका आले.

मला राक्षस अपेक्षित होता. आला तो पासष्टीचा, कपाळाला गंध लावलेला, सायकल ढकलत येणारा शांत माणूस. त्यांनी उन्मेषच्या पाठीवर हात ठेवला, पोरा, किती वाळलास म्हणाले. माझी चौकशी केली. कुलूप काढून आम्हाला पुढच्या खोलीत बसवलं आणि स्वतः चहा टाकायला गेले. मागच्या बाजूला एक दार होतं. बाहेरून कडी, कडीत खिळा. त्याच्यामागून आता काहीच आवाज येत नव्हता.

चहा देऊन ते समोर बसले आणि काही विचारायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं, जणू कुणीतरी विचारायची ते वाट बघत होते. ती सासरहून परत आली तेव्हाच स्वतःशी बोलायची. दोनदा रस्त्यावर निघून गेली. मुलीचं लग्न ठरत होतं. घरात वेडी आहे म्हटल्यावर कोण करून घेणार? लग्न होईपर्यंत आत ठेवू असं ठरलं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग राहूनच गेलं," ते म्हणाले. "रोज म्हणायचो, उद्या बघू. नंतर बाहेर काढणार तरी कुठल्या तोंडानं? लोकांना सुरत सांगितलेलं."

जेवायला दोन वेळ देतो, दिवाळीला नवं लुगडं देतो, असंही म्हणाले. मग उन्मेषकडे वळले. त्यांचा आवाज आणखी मऊ झाला.

"तुझ्या आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रोज दुपारी मी दुकानात गेलो की भिंतीपाशी बसून तिच्याशी बोलायची. मला काय माहीत नव्हतं होय? पण बावीस वर्षांत तिनं बाहेर शब्द काढला नाही. तुझे वडील गेले तेव्हा या घरानं तुम्हाला धरून ठेवलं, हे ती विसरली नाही. आता तू बोभाटा केलास तर माझं काय व्हायचं ते होईल, मी आज आहे उद्या नाही. पण नाव विमलवहिनींचंही निघेल. मेलेल्या माणसाचं."

उन्मेषनं चहा उचलला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मी माझ्या कपाला हात लावला नाही. कप खाली ठेवून तो मला म्हणाला, "चल."

बाहेर येऊन त्यानं गाडी सुरू केली. दिगंबरकाका दारात उभे राहून नीट जा म्हणाले. गल्ली संपेपर्यंत मी त्याच्या पाठीमागे बसून स्वतःशी ठरवत होते की नाशिकला पोचले की मी एकटीनंच काय करायचं. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे नाशिकचा रस्ता होता. उन्मेषनं गाडी उजवीकडे वळवली. पोलीस ठाण्यासमोर त्यानं ती थांबवली. लॅपटॉपची पिशवी मीच उचलली. टेबलामागच्या हवालदारांना त्यानं आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग आईचं पूर्ण नाव सांगितलं, आणि म्हणाला की हे लिहून घ्या, तिला माहीत होतं.

त्यांनी आवाज ऐकला. एक महिला पोलीस शिपाई होत्या, त्यांनी महिना विचारल्याचं ऐकलं आणि त्या टोपी घालून उभ्याच राहिल्या.

संध्याकाळी पाचच्या उन्हात रत्नाआत्याला बाहेर आणलं. ती खोली मी पाहिली नाही, बघायला गेलेही नाही. तिच्या डोळ्यांवर ओला पंचा बांधला होता, उजेड सोसत नव्हता म्हणून. केस अगदी बारीक कापलेले. तिला उभं राहता येत नव्हतं, पण नेणाऱ्यांना ती सारखी सावकाश, सावकाश म्हणत होती, जणू त्यांनाच लागेल. गल्लीतली सगळी दारं उघडी होती आणि एकही माणूस बोलत नव्हता. दिगंबरकाका ओट्यावर बसले होते. तिला घेऊन जाताना त्यांनी खाली पडलेला तिचा पदर उचलून तिच्या अंगावर टाकला.

पुढचं थोडक्यात. खटला उभा राहिला. जामिनावर असतानाच दोन वर्षांनी दिगंबर कासार वारले. वर्तमानपत्रात दोन दिवस बातमी होती, आणि तिच्यात विमल तांबट हे नाव दोन ठिकाणी होतं. उन्मेषच्या मावशीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. गेम वेळेवर गेला. भुसा म्हणून उन्मेषनं आकड्यांचा नुसता काला करून भरला. गेम फारसा खपला नाही. वर्षभरात कंपनी बंद झाली, मी एका बँकेच्या संगणक विभागात लागले आणि अजून तिथेच आहे.

पण त्याआधी एकदा, नोव्हेंबरच्या शेवटी, आम्ही दोघं तिला नाशिकच्या सरकारी रुग्णालयात भेटायला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले होते की तिचं डोकं बऱ्यापैकी ठिकाणावर आहे. आहे तेवढंच आश्चर्य. ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. उन्मेष येताना मनाशी घोकत आला होता. त्याला तिला सांगायचं होतं की आई गेली. एवढे दिवस ती जिला हाक मारत होती ती नव्हतीच, हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

त्यानं सांगितलं.

"वहिनी गेल्या ते मला त्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "रडणं ऐकू येतं की भिंतीतून. दहाव्याला कावळा लवकर शिवला म्हणून बायका बोलत होत्या, तेही ऐकलं."

"मग तिला हाक का मारायचीस?"

"तुला मारत होते. माझं नाव तुझ्या ध्यानात असेल की नाही कोण जाणे. आईचं नाव घेतलं तर तू थांबशील असं वाटलं." तिनं हातानं चादर सारखी केली. "तू पळून जायचास. एकदा मात्र आलास, कुलूप लावल्याचा आवाज झाला, पण आत काहीतरी घरघरत होतं, दिवसभर. मला वाटलं, दाराला कुलूप लावून तू आतच बसला आहेस आणि मुद्दाम बोलत नाहीस. म्हणून मी बोलत राहिले."

उन्मेष मान वर न करता म्हणाला, "तो लॅपटॉपचा पंखा होता, आत्या."

"लॅपटॉप म्हणजे?" तिनं विचारलं, आणि तो सांगेल म्हणून वाट बघत राहिली.